खिडकीतल्या मावशीची पहिली कमेंट

६ फेब्रुवारी

आलो एकदाचे. सामान वर चढवताना हमालांनी माझ्या पुस्तकांच्या खोक्यांना जी नावं ठेवली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत, पण घर पाहिलं आणि सगळा शीण उतरला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि पुढच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने इतकी ऐसपैस खिडकी की तिच्यात बसून अख्ख्या गल्लीची हजेरी घ्यावी. खाली चष्म्याचं दुकान आहे. दुकानदार हेच आमचे घरमालक. त्यांनी आधी माझा चष्मा काढून घेतला, उजेडात धरून पाहिला, काचांवर ओरखडे आहेत म्हणून मला चार शब्द सुनावले आणि मगच किल्ली हातात ठेवली. माणूस बरा वाटला.

नवरा जहाजावर आहे, एकवीस मार्चला परत येईल. खारूने कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल काढलाय, तोही इतका जोर लावून की एप्रिलचं पानही लाल झालंय. खारू म्हणजे माझी लेक, सात वर्षांची. पेन्सिली कुरतडते म्हणून खारू. खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलंय. बुटाची नाडी बांधून घ्यायची म्हटलं की ती पाय असा झाडते की जणू मी तिला बेड्याच घालतेय.

नवऱ्याची वेताची खुर्ची खिडकीशी ठेवली. तो घरी नसताना तिच्यावर कोणी बसायचं नाही असा खारूचा कायदा आहे, त्यामुळे मी शेजारच्या स्टुलावर बसून हे लिहितेय. या वहीचं एक बरं असतं. काहीही लिहा, कोणी मध्ये बोलत नाही.

१२ फेब्रुवारी

ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं 'नवं घर, जुने पडदे'. पहिल्या पोस्टमध्ये पडदे आखूड कसे पडले त्याची हकीकत, दुसरीत स्वयंपाकघरातल्या खिळखिळ्या फळीची. दोन्ही मन लावून लिहिल्या. कमेंट एकही नाही. वाचणारे दोघे. त्यातला एक माझा दादा, आणि दुसरी मीच, शुद्धलेखन तपासायला पुन्हा उघडलं म्हणून.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. इथे ओळखीचं कोणी नाही. खारू शाळेत गेली की घर इतकं गप्प होतं की नळ टपकला तरी सोबत वाटते. दिवसाकाठी कोणीतरी दोन शब्द बोलावेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

दादाला फोन केला. तो सायकलदुरुस्तीवर ब्लॉग लिहितो, आणि साखळीला कुठलं तेल लावावं यावरून त्याच्याकडे लोक हमरीतुमरीवर येतात. आधी तो पोटभर हसला, मग मास्तर झाला. म्हणाला, तुझ्या पोस्ट पूर्णविरामावर संपतात, मग वाचणाऱ्याने बोलायचं कुठे? शेवट नेहमी प्रश्नावर करायचा, आणि प्रश्न इतका सोपा ठेवायचा की चहा ढवळता ढवळता उत्तर देता यावं. कमेंट आली की उत्तर द्यायचंच, कोणाला अधांतरी ठेवायचं नाही. अधूनमधून वाचकांना काहीतरी ठरवायला द्यायचं, म्हणजे त्यांना ते घर आपलं वाटायला लागतं. शेवटची गोष्ट त्याने जरा आवाज खाली करून सांगितली. पहिली कमेंट आपणच करायची, दुसऱ्या नावाने. रिकाम्या दुकानात शिरायला गिऱ्हाईक बिचकतं, आत एखादं माणूस दिसलं की मागोमाग चौघे येतात. सगळेच करतात म्हणे. त्याच्या ब्लॉगवर सारखे हळहळणारे 'त्रस्त सायकलस्वार' कोण, ते मला आज कळलं.

१५ फेब्रुवारी

आज एक माणूस तयार केलं. नाव काय ठेवावं सुचेना. समोर खिडकी होती, म्हणून 'खिडकीतली मावशी'. फोटो लागतो म्हणून आमच्याच खिडकीचा काढला. अर्धा ओढलेला पडदा आणि नवऱ्याची रिकामी खुर्ची. दिसायला झकास.

पोस्टही आजच टाकली. सकाळी पुढच्या खोलीच्या दाराला खारूला उभी केली आणि चौकटीवर पेन्सिलीने तिच्या उंचीची खूण केली, त्याबद्दल. ती टाचा उचलून फसवायला बघते, तेही लिहिलं. शेवटी प्रश्न टाकला की तुम्ही मुलांची उंची कुठे मोजता?

मग मावशीच्या नावाने लिहायला बसले. 'छान पोस्ट' असं काहीतरी लिहून मोकळी होणार होते, पण बोटांनी लिहिलं ते असं. 'आमच्याकडेही दाराच्या चौकटीवरच मोजायचो. माझ्या लेकीची खूण एकाच जागी थांबली. त्या दाराला अजून रंग दिलेला नाही.'

कुठून सुचलं कोण जाणे. वाचून माझ्याच अंगावर काटा आला. आणि चांगलं वाक्य जमलं म्हणून आनंदही झाला, तोही इथे लिहून ठेवते.

१७ फेब्रुवारी

लोक तुटून पडलेत. माझ्या पोस्टला नव्हे, मावशीच्या कमेंटला. एका निवृत्त नर्सबाईंनी तिला भलं मोठं पत्रच लिहिलंय. एक बेकरीवाला म्हणतो, पहाटेची भट्टी पेटवताना वाचलं आणि पाव करपले. कोणी आपल्या दाराचे फोटो टाकतंय, कोणी भावाच्या, कोणी नातवाच्या खुणांचे. दोन दिवस मी जेवायचंही विसरतेय. इतकी माणसं, आणि सगळी माझ्या घराबद्दल बोलतायत.

सगळ्यांना मावशीला काही ना काही विचारायचंय. लेक कशी होती, कशाने हसायची, काय आवडायचं. दादाचा नियम आहे, अधांतरी ठेवायचं नाही. पण मेलेल्या लेकीच्या सवयी मी कुठून आणू? घरात एक लेक होती, तिच्याच उचलल्या. मावशीची लेक पेन्सिली कुरतडायची. मावशीची लेक नाडी बांधू द्यायची नाही. मावशीची लेक टाचा उचलून फसवायची. नर्सबाईंनी विचारलं की ती खूण कुठल्या तारखेला थांबली, तिच्यासाठी दिवा लावीन म्हणतात. मी मान वर केली तर समोर कॅलेंडर. लिहून टाकलं, एकवीस मार्च.

पाठवल्यावर जरा कसंतरीच झालं. तारीख तेवढी दुसरी घ्यायला हवी होती.

२२ फेब्रुवारी

खारूने विचारलं, ही मावशी कोण. मी म्हटलं, आईची मैत्रीण. तिने विचारलं, मग ती आपल्याकडे का येत नाही. पोरीने बसल्या बसल्या पोस्टचा विषय दिला.

आज लिहिलं की मावशींनी आपल्या घराला इतका जीव लावलाय, त्यांना बोलवावं का? तुम्हीच ठरवा. वाचकांना ठरवायला द्यायचं म्हणजे असं. दुपारपर्यंत सगळ्यांचा एकच गलका, बोलवा, बोलवा. बेकरीवाल्याने तर केक पाठवायची तयारी दाखवली. मग मीही थाटात लिहिलं की मावशी, कधीही या, हे घर तुमचंच आहे.

दादा म्हणाला, तू मला मागे टाकलंस. आता खरी माणसं भरपूर झाली, मावशीला हळूच निरोप दे, नाहीतर एक दिवस सापडशील. पटलं. दोन दिवसांनी तिला लांबच्या प्रवासाला पाठवणार आहे.

२६ फेब्रुवारी

मावशीला परवाच निरोप दिला. 'थोडे दिवस बाहेरगावी जातेय' असं तिच्या नावाने लिहिलं आणि तिच्या खात्यातून बाहेर पडले.

आज खिळखिळ्या फळीची पुढची हकीकत टाकली. भांडी घासून आले तो एक कमेंट आलेली. खिडकीतली मावशी. 'प्रवास रद्द केला. एवढ्या प्रेमाने बोलावलंत, येते. खुर्ची तेवढी तिथेच राहू दे. आणि खारूच्या गणवेशाला पिवळं बटण लावलंत ते छान दिसतं.'

ही कमेंट मी लिहिलेली नाही.

दादाचाच चावटपणा असणार म्हणून त्याला फोनवर झाडलं. तो शपथेवर नाही म्हणाला. पासवर्ड त्याला कधी सांगितलाच नव्हता, हे मला झाडून झाल्यावर आठवलं. आणि पिवळं बटण मी आज सकाळी लावलंय. पांढरं सापडेना म्हणून. ते कुठेच लिहिलेलं नाही, या वहीतसुद्धा नाही.

२ मार्च

पासवर्ड बदलला. कमेंट येतच राहिल्या. मग मावशीचं खातं बंदच करून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर, त्याच नावाने, त्याच फोटोसकट. ब्लॉग चालवणाऱ्या कंपनीला तक्रार केली. तिथल्या मुलीने फार गोड शब्दांत कळवलं की या सगळ्या कमेंट आपल्याच घरच्या इंटरनेट जोडणीवरून आलेल्या आहेत, तेव्हा घरातल्या मंडळींना एकदा विचारून पाहावं. घरातली मंडळी म्हणजे मी आणि दुसरीतली पोर.

भाजी घेऊन येत होते तर चष्मेवाल्यांनी दुकानातून हाक मारली. म्हणाले, ताई, तुमची बहीण आलीय वाटतं. मी म्हटलं मला बहीण नाही. ते म्हणाले, खिडकीत खुर्चीवर बसल्या होत्या की, आत्ता, तुम्ही बाजारात गेल्यावर. चेहरेपट्टी तुमचीच. मी म्हटलं पडदा असेल. त्यावर ते थोडे दुखावले. दिवसभर लोकांची नजर तपासतो, म्हणाले, माझी अजून शाबूत आहे.

वर आले. कुलूप जसंच्या तसं होतं. खुर्चीच्या उशीला मात्र खळगा पडला होता, कोणी नुकतंच उठून गेल्यावर पडतो तसा. मी हात लावून पाहिला. कोमट होता.

६ मार्च

ठरवलं, आता सगळं खरं सांगून टाकायचं. पोस्ट लिहिली. खिडकीतली मावशी नावाचं कोणी नाही, ती मी रचली, तिची लेकही रचली, मला माफ करा. ही एकच पोस्ट मी मुद्दाम प्रश्नावर संपवली नाही.

इतक्या कमेंट आजवर कधी आल्या नव्हत्या. एकानेही विश्वास ठेवला नाही. नर्सबाई म्हणतात, लोक तिच्यावर जास्त माया करतात म्हणून तुमचा जळफळाट होतोय. बेकरीवाला म्हणतो, लेक गेलेल्या बाईला खोटी म्हणताना तुमची जीभ कशी रेटली? सगळे तिच्या बाजूने उभे राहिलेत. आणि सगळ्यांच्या खाली तिची कमेंट. 'तिच्यावर रागावू नका. एकटी आहे ना, म्हणून होतं असं. मी आहे तिच्याजवळ.'

मी स्वतः लिहिलेल्या कमेंट पाहायला गेले, तर माझं प्रत्येक उत्तर तिच्या नावाने छापलं गेलंय. मी लिहायचं आणि नाव तिचं. सुरुवातीला मीच ते करत होते, नाही का?

९ मार्च

तिच्या फोटोत खुर्ची आता रिकामी नाही. पडद्याच्या सावलीत गुडघे दिसतात, आणि गुडघ्यांवर हात. बाकी काही दिसत नाही. बोटात अंगठी आहे. माझ्या बोटात आहे तीच.

दुपारी शाळेतून वर्गबाईंचा फोन. खारू वर्गात सांगते म्हणे की तिला दोन आया आहेत, एक बसते आणि एक फिरते. बाई हसत होत्या, मुलं काय वाटेल ते बोलतात. मग सहज म्हणाल्या, काल मधल्या सुट्टीत तुम्ही फाटकाशी येऊन गेलात, तेव्हा हे सांगायचं राहून गेलं. काल मी दिवसभर घराबाहेर पडले नव्हते.

खारूला जवळ घेऊन विचारलं. ती आपली पेन्सिल चावत शांतपणे म्हणाली की मावशी चांगली आहे, ती नाडी बांधताना ओढत नाही. मग म्हणाली की बाबा येतील त्या दिवशी मावशी तिला घेऊन जाणार आहे.

एकवीस मार्च. ती तारीख मीच दिलीय तिला. तिच्या लेकीच्या सवयी माझ्या लेकीच्या, खूण माझ्या लेकीची, दिवसही मीच ठरवून दिला. आता ती तेवढं न्यायला आलीय. खारूला मी देणार नाही. बाकी काय हवं ते ने.

१२ मार्च

दादाला सगळं सांगितलं, अगदी उशीच्या खळग्यासकट. तो हसला नाही, यानेच मला जास्त भीती वाटली. तो म्हणाला, माझ्याकडे ये म्हटलं असतं, पण जहाजवाला थेट त्या घरी येणार आणि पोरीची शाळाही आहे, तर वीस तारखेला मीच येतो. तोवर एकच कर. तिला उत्तर देऊ नकोस. त्याच्याकडे भांडखोर माणसं येतात तेव्हा तो हेच करतो. ज्याला कोणीच उत्तर देत नाही तो दोन दिवस कावतो आणि निघून जातो. तिने काहीही लिहू दे, तू गप्प.

गप्प बसायचं. इतकं सोपं. ब्लॉगवर पोस्ट टाकणं बंद केलं. तिने तीन प्रश्न विचारले, पडद्यांबद्दल, फळीबद्दल, माझ्या तब्येतीबद्दल. मी हात मांडीखाली दाबून बसले.

१४ मार्च

उपाय लागू पडतोय. फोटोतले गुडघे पुसट झालेत. उशी फुगून पुन्हा पहिल्यासारखी झाली. आज चष्मेवाल्यांनी विचारलं, बहीण गेली वाटतं? मी म्हटलं, हो, गेली. पहिल्यांदाच त्यांच्याशी मनापासून हसले.

खारूनेही आज मावशीचं नाव काढलं नाही. संध्याकाळी दोघींनी मिळून कॅलेंडरवर बाबांसाठी जहाज काढलं. जहाज कमी आणि चप्पल जास्त दिसतं. जिवात जीव आला.

१६ मार्च

माझी चूक झाली.

शाळा सुटून बराच वेळ झाला तरी खारू घरी आली नाही. खिडकीतून गल्ली रिकामी दिसत होती. शाळेत फोन लावला, कोणी उचलेना. तेवढ्यात टेबलावर कमेंट आल्याचा आवाज झाला. 'शाळा सुटली. खारू घरी आली का?'

मी विचार केला नाही. कुठली आई करेल? मी लिहिलं, 'नाही आली. तुमच्याकडे आहे का?'

लगेच उत्तर आलं. 'हो. आता माझ्याकडेच आहे.'

आणि जिन्यावर बुटांचा आवाज. खारू धापा टाकत आत आली. खाली दुकानात होती, मोठ्यांचे चष्मे लावून आरशात तोंडं वेडावत बसली होती. दहा पावलांवर. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती कळवळली. तिची नाडी व्यवस्थित बांधलेली होती. कोणी बांधली म्हणून विचारलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, तूच की, आत्ता, खाली.

मी मावशीला उत्तर दिलं. वर प्रश्नही विचारला.

१८ मार्च

खाली गेले. चष्मेवाले म्हणाले, मावशी, ताई आत्ताच पोरीला घेऊन बाहेर पडल्या, तुम्ही वर बसा ना. मी म्हटलं, मीच ताई. ते समजुतीने हसले. आजारी माणसाशी हसावं तसे. मी चष्मा काढून पुढे केला, काचांवरचे ओरखडे दाखवले, हे तुम्हीच पाहिले होते ना म्हटलं. त्यांनी काचा उजेडात धरल्या. काचा नव्या होत्या.

वर आले. पाय भरून आले म्हणून टेकले जरा. मग लक्षात आलं, कुठे टेकले ते. खारूचा कायदा मोडला.

१९ मार्च

दादाला फोन केला. तो म्हणाला, कोण बोलतंय? मी नाव सांगितलं. तो म्हणाला, माझ्या बहिणीशी तर आत्ताच बोललो, ती मजेत आहे. मग म्हणाला, तुम्ही खिडकीतल्या मावशी का? धाकटी सांगत असते तुमच्याबद्दल. काळजी घ्या तुम्ही.

तुम्ही. पाळण्यात असल्यापासून हा माणूस मला टप्पल मारत आलाय, आणि आज तुम्ही.

लहानपणीचं सांगितलं, सायकलवरून दोघं पडलो ते, गुडघ्याची खूण सांगितली. तो हळू आवाजात म्हणाला, हे सगळं तिने ब्लॉगवर लिहिलंय, मावशी. मी वाचलंय.

मी कधीच लिहिलेलं नाही ते.

दुपारी वही उघडली. पहिल्या पानावर, सहा फेब्रुवारीच्या खाली, कोणीतरी लिहिलंय. अक्षर माझंच. 'छान लिहिलंय. घर अगदी डोळ्यांसमोर उभं राहिलं. पुढे काय झालं?'

या वहीत तर कोणी मध्ये बोलत नव्हतं—

२० मार्च

दादा आलाय. आतल्या खोलीत हसतायत. त्याचं हसणं, खारूचं, आणि माझं.

मी हाक मारली. तो दारात आला, चौकटीपाशी. सरळ माझ्याकडे बघितलं. पडदा नीट केला आणि गेला.

खुर्चीतून उठता येत नाही. दुखत नाही काही. फक्त उठायचं कसं ते—

खारू आली होती. एकटीच. माझ्या हातात कुरतडलेली पेन्सिल ठेवली. म्हणाली, मावशी, तुम्ही रडता का? तुमची लेक आठवते?

मी म्हटलं, खारू, मी आई. तिने माझे डोळे पुसले. म्हणाली, आई आत आहे, बोलवू का?

नको म्हटलं. बोलवू नकोस. तू बस. जरा बस माझ्याजवळ—

बसली थोडा वेळ. मग आतून हाक आली. गेली.

२१ मार्च

गाडी आली. तो उतरला. खांद्याला तीच निळी पिशवी. खारू धावतेय, नाडी सुटलीय तिची, पडेल, कोणीतरी धरा—

तिने धरलं. माझा हिरवा कुडता, माझी चाल. वाकून नाडी बांधली. खारूने पाय झाडला नाही.

त्याने वर पाहिलं. मी काचेवर हात आपटला. तिने त्याच्या कानात काही सांगितलं. मग त्याने मान लववली. लांबच्या नात्यातल्या वडीलधाऱ्यांना लववतात तशी, अदबीने.

सामान खाली चाललंय. दुसरं घर बघितलंय म्हणे. तो म्हणाला, खुर्ची? ती म्हणाली, राहू दे. कोणीतरी बसेल.

खारू जाता जाता दाराशी उभी राहिली. चौकटीला पाठ लावून, टाचा उचलून. खुणेच्या वर गेलं डोकं. वर. वाढलीय माझी—

पेन्सिल माझ्याच हातात होती. हात पोचला नाही. तिला हाक मारली कोणी, पळाली.

गाडी वळली.

खूण दिसते इथून. तेवढीच दिसते.

तिने लिहिलंय. नव्या घरातून. मला न बघता कळतं आता. नवं घर, नवं दार, नवी खूण. आणि शेवटी प्रश्न. तुम्ही मुलांची उंची कुठे मोजता?

खाली अजून कोणीच नाही. पहिली कमेंट आपणच— कोणाला अधांतरी ठेवायचं नाही—

आमच्याकडेही दाराच्या चौकटीवरच मोजायचो. माझ्या लेकीची खूण एकाच जागी थां